१९४५ ची बॅच पुन्हा एकत्र

कॅप्टन अमेरिका माहीत नाही असा माणूस आपल्या हॉस्टेलमध्ये दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. बकी म्हणजेच विंटर सोल्जर, हेही सगळ्यांना पाठ आहे. 'वाकांडा फॉरएव्हर'मुळे (२०२२) नेमॉरही ओळखीचा झाला, अर्थात सिनेमातला नेमॉर कॉमिक्समधल्यापेक्षा बराच वेगळा आहे. पण हे तिघं आणि चौथा एक पेट घेणारा यंत्रमानव मिळून दुसऱ्या महायुद्धात 'इन्व्हेडर्स' नावाची एक टीम होती, असं मेसच्या टेबलावर सांगितलं की लोक चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागतात. म्हणून म्हटलं, एकदाच लिहूनच टाकावं.

मार्व्हलने २००४ ते २०१९ या काळात ही टीम आजच्या काळात पुन्हा एकत्र आणायचा प्रयत्न पाच वेळा केला. हो, पाच! कधी १० अंक चालली, कधी ५, कधी १५. तरीही दर चार-पाच वर्षांनी कोणीतरी लेखक उठतो आणि म्हणतो, 'मी आणतो त्यांना एकत्र.' मला या हट्टाचं कुतूहल वाटलं आणि मी सगळं शोधून वाचायला घेतलं. (सबमिशनच्या आठवड्यातच माणसाला वाचनाची आवड लागते, हा अनुभव सर्वांना असेलच.)

आधी पात्रं. ऑक्टोबर १९३९ तारखेच्या 'मार्व्हल कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात कार्ल बर्गोसचा ह्यूमन टॉर्च आला आणि त्याच अंकात बिल एव्हरेटचा नेमॉर द सब-मरिनर. एक आग, एक पाणी. हा टॉर्च म्हणजे 'फँटॅस्टिक फोर'मधला जॉनी स्टॉर्म नव्हे, तो १९६१ चा. हा मूळचा. नाव ह्यूमन, पण माणूस नाहीच. प्रोफेसर हॉर्टनने बनवलेला अँड्रॉइड, हवा लागली की आपोआप पेटणारा! थोडक्यात, सेफ्टी टेस्टिंग न करता डेमो दिलेला फायनल इयर प्रोजेक्ट. लोक घाबरले आणि त्याला काँक्रीटमध्ये गाडलं. पुढे तो सुटला, स्वतःला आवरायला शिकला आणि जिम हॅमंड या नावाने माणसासारखा राहायला लागला. १९४० मध्ये त्याला टोरो नावाचा पोरगा साथीदार मिळाला. जो सायमन आणि जॅक कर्बी यांचा कॅप्टन अमेरिका मार्च १९४१ तारखेच्या अंकात आला, बकीला घेऊनच. त्या मुखपृष्ठावर कॅप हिटलरला ठोसा मारतोय आणि अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेलीसुद्धा नव्हती.

आता खरी गंमत सांगते. युद्ध चालू असताना 'इन्व्हेडर्स' अशी टीम कॉमिक्समध्ये नव्हतीच! 'ऑल विनर्स कॉमिक्स'च्या मुखपृष्ठांवर हे सगळे एकत्र दिसायचे, पण आत प्रत्येकाची गोष्ट स्वतंत्र. नेमॉर आणि टॉर्च यांची १९४० मध्ये भेट झाली ती मारामारी करायला. बकी आणि टोरो यांची 'यंग अलाइज' ही पोरांची टोळी मात्र १९४१ मध्येच निघाली होती. मोठ्यांची टीम 'ऑल विनर्स स्क्वॉड' या नावाने खरोखर जमली ती १९४६ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर, आणि तीही फक्त दोन अंकांसाठी, १९ आणि २१. मधला २० नंबरचा अंकच नाही.

मग 'इन्व्हेडर्स' आले कुठून? रॉय थॉमस नावाच्या लेखकाच्या डोक्यातून. त्याचा जन्म नोव्हेंबर १९४० चा, म्हणजे युद्ध संपलं तेव्हा तो पाच वर्षांचाही नव्हता. त्याने १९६९ मध्ये 'ॲव्हेंजर्स'च्या ७१ व्या अंकात नाझींनी व्यापलेल्या पॅरिसमध्ये कॅप, नेमॉर आणि टॉर्च यांना एकत्र दाखवलं आणि १९७५ मध्ये फ्रँक रॉबिन्स या चित्रकाराबरोबर 'इन्व्हेडर्स' ही मालिकाच सुरू केली. ती १९७९ पर्यंत ४१ अंक चालली. म्हणजे ज्या जुन्या दोस्तांना एकत्र आणायची आज एवढी धडपड चालते, त्यांची दोस्तीच मुळात तीस वर्षांनी लिहिली गेलेली आहे. माझ्या मते या सगळ्या मालिकांची किल्ली इथेच आहे. ही टीम म्हणजे पहिल्या दिवसापासून एक आठवण आहे, आणि आठवण कोण सांगतंय यावर ती बदलते.

पण मागाहून जोडलेल्या गोष्टीत एक फट राहते. मार्च १९६४ च्या 'ॲव्हेंजर्स'च्या चौथ्या अंकात स्टॅन ली आणि कर्बी यांनी सांगितलं की कॅप युद्धाच्या शेवटी समुद्रात पडून गोठला आणि बकी स्फोटकं भरलेल्या विमानाबरोबर उडाला. छान. पण मग १९४६ च्या 'ऑल विनर्स'मध्ये कॅप आणि बकी काय करत होते? एक माणूस बर्फात आणि तोच माणूस न्यूयॉर्कमध्ये! थॉमसने १९७७ मध्ये 'व्हॉट इफ'च्या चौथ्या अंकात याचं उत्तर दिलं. ते दुसरेच होते. आधी विल्यम नॅसलंड नावाच्या वीराने कॅपचा पोशाख घातला, तो मेल्यावर जेफ मेस याने. म्हणजे चक्क प्रॉक्सी! आपल्याकडे एका लेक्चरची प्रॉक्सी मारताना घाम फुटतो, इथे दोघांनी मिळून काही वर्षांची हजेरी लावली.

आता आधुनिक लेखकाचा प्रॉब्लेम बघा. दिलेले: युद्ध १९४५ ला संपलं. काढा: आजच्या अंकात ही मंडळी धडधाकट कशी? बाकीच्या सुपरहिरोंना हा त्रास नाही, कारण मार्व्हलमध्ये त्यांचा भूतकाळ सरकता असतो. आयर्न मॅन १९६३ मध्ये व्हिएतनाममध्ये जखमी झाला, २००५ च्या 'एक्स्ट्रिमिस'मध्ये तीच जखम अफगाणिस्तानात झाली. २०१९ मध्ये तर 'सिआनकाँग' नावाच्या काल्पनिक देशातलं एक युद्धच तयार केलं, म्हणजे तारखेची कटकटच नको. पण कॅपचं युद्ध सरकवता येत नाही. हिटलर १९९० मध्ये नेता येत नाही. त्यामुळे होतं काय की एक टोक खिळ्याने ठोकलेलं आणि दुसरं टोक दरवर्षी पुढे जातंय. १९६४ मध्ये कॅप बर्फात होता जेमतेम १९ वर्षं. तो उठला तेव्हा त्याचे दोस्त चाळिशीतले असणार, म्हणजे लग्न, नोकरी, थोडं टक्कल. २०११ च्या सिनेमात तो उठतो तेव्हा जवळजवळ ७० वर्षं गेलेली असतात. गोष्ट तीच, बर्फ तोच, फक्त वर्षं वाढली, आणि तेवढ्यानेच गोष्टीचा सूर पार बदलला. आता तो उठतो तेव्हा त्याला ओळखणारं जवळपास कोणी उरलेलं नसतं. त्यामुळे ज्या तीन-चार जणांना 'तुला आठवतं का रे?' असं विचारता येईल, ते किती मोलाचे होतात बघा.

प्रत्येकाच्या जगण्याची युक्ती वेगळी. नेमॉर सोपा, तो अर्धा अटलांटिसचा, त्याचं वय हळू वाढतं. टॉर्च अँड्रॉइड, त्यामुळे म्हातारपणाचा प्रश्न नाही, पण त्याचे हाल वेगळेच. १९६६ मध्ये त्याला परत आणून लगेच मारलं. १९७५ मध्ये सांगितलं की त्याच्याच शरीरातून 'व्हिजन' बनवला. १९८९ मध्ये जॉन बर्न म्हणाला, छे, तसं नाही, आणि टॉर्चला अखंड बाहेर काढलं. एकाच बॉडीवर दोन पात्रांचा क्लेम, कुठल्याही वर्कशॉप इन्स्ट्रक्टरने दोघांनाही हाकललं असतं. स्पिटफायर या ब्रिटिश मुलीला १९७६ मध्ये व्हँपायर चावल्यावर टॉर्चचं कृत्रिम रक्त चढवलं, त्यातून तिला वेग मिळाला आणि पुढे १९९१ च्या सुमारास तारुण्यही परत मिळालं. ब्लड ग्रुप विचारू नये.

बकीची गोष्ट मात्र वेगळी. कॉमिक्सवाल्यांमध्ये एक म्हण होती की बकी, जेसन टॉड आणि अंकल बेन सोडून कोणीही मेलेलं राहत नाही. २००५ मध्ये यातले पहिले दोघं परत आले! एड ब्रूबेकर आणि चित्रकार स्टीव्ह एप्टिंग यांनी बकीला परत आणलं ते असं: स्फोटात हात तुटलेला बकी रशियनांना सापडला, त्यांनी यांत्रिक हात लावला, आठवणी पुसल्या आणि त्याला खुनी बनवलं. काम असेल तेव्हा उठवायचं, काम झालं की परत गोठवायचं. म्हणून वय फारसं वाढलं नाही. यात बघण्यासारखं हे की कॅप आणि बकी दोघंही गोठलेले, पण एक त्या वर्षांत निष्पाप झोपला होता आणि दुसऱ्याला मध्येमध्ये उठवून त्याच्याकडून खून करवले गेले. आठवणी परत आल्यावर बकीला तो सगळा हिशेब एकदम आठवतो. इथून पुढे 'पुन्हा एकत्र येणं' हा मौजेचा विषय राहिला नाही.

आता पाच प्रयत्न. २००४ चा 'न्यू इन्व्हेडर्स' मी पटकन उरकते. खऱ्या कॅपच्या जागी यू.एस. एजंट, सरकारच्या राजकारणात अडकलेली टीम, ० ते ९ असे दहा अंक आणि खेळ खलास. ज्या टीमचा जीव 'जुने दोस्त' यात आहे, तिच्यातून सगळ्यात जुना दोस्तच काढला तर दुसरं काय होणार!

२००८-०९ चा 'ॲव्हेंजर्स/इन्व्हेडर्स' हुशार आहे. ॲलेक्स रॉस आणि जिम क्रूगर यांनी म्हाताऱ्यांना एकत्र आणायच्या भानगडीत न पडता १९४३ मधली तरुण टीमच्या टीम उचलून आजच्या न्यूयॉर्कमध्ये टाकली. आणि वेळ कोणती निवडली? स्टीव्ह रॉजर्स २००७ मध्ये गोळी लागून मेला होता, ढाल बकीकडे होती. म्हणजे १९४३ चा कॅप अशा जगात येतो जिथे त्याचं स्वतःचं मरण होऊन गेलंय आणि त्याचा पोशाख दुसरा कोणीतरी घालतोय. आयर्न मॅनच्या लोकांना तर आधी हे खरे वाटतच नाहीत. त्यांच्याबरोबर चुकून आलेला पॉल अँसेल्म हा साधा शिपाई मला सगळ्यात आवडला. त्याचे दोस्त युद्धात मेलेत आणि त्याला इतिहास बदलण्याची संधी मिळते. मोठे लोक त्याला इतिहास बदलू नये असं सांगतात, पण ज्याचे मित्र मेलेत त्याला हे सांगणार कसं? १२ अंक थोडे लांबलेत, आठ-नऊमध्ये आटपलं असतं. शेवटी बकीच्या इच्छेने १९६९ मध्ये मेलेला टोरो जिवंत होतो.

आता थोडं विषयांतर. आपल्याकडे जुन्या बॅचचं गेट-टुगेदर होतं तेव्हा पन्नाशीतले काकालोक हॉस्टेलच्या जिन्यात उभे राहून 'ही माझी रूम' करत असतात. मला नेहमी एक गोष्ट दिसते. पहिला अर्धा तास सगळे एकच किस्सा सांगून हसतात. मग कोणीतरी हळूच म्हणतो, 'पण तसं नव्हतं ते, तू नव्हतास त्या रात्री.' आणि एक मिनिट सगळे गप्प.

'इन्व्हेडर्स नाऊ!' (२०१०-११, ५ अंक, लेखक ख्रिस्तोस गेज आणि ॲलेक्स रॉस) ही मालिका म्हणजे ते एक मिनिट आहे. युद्धात नेदरलँड्समधल्या एका गावात नाझी शास्त्रज्ञ आर्निम झोलाचा विषाणू पसरला होता. माणसं राक्षसी आणि हिंसक होत होती, उपाय नव्हता आणि तो बाहेर पसरला असता. इन्व्हेडर्सनी त्या गावकऱ्यांना मारलं. नंतर कोणी त्याबद्दल बोललं नाही. आज तोच आजार पुन्हा दिसतो आणि सगळ्यांना एकत्र यावं लागतं. उत्तरार्धात जादूटोणा आणि अक्राळविक्राळ देव येऊन गोष्ट भरकटते, हे मान्य. पण पहिले दोन अंक वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. १९४१ च्या मुखपृष्ठावरचा तो साधा सरळ ठोसा आणि हे गाव, दोन्ही एकाच युद्धात.

इथे एक सांगायलाच हवं. युद्धकाळातली कॉमिक्स आज वाचवत नाहीत. जपानी माणसांना सुळे आणि नखं लावलेली, 'यंग अलाइज'मधला काळा मुलगा म्हणजे निव्वळ टिंगल. थॉमसने १९७८ मध्ये त्यावर थोडी मलमपट्टी केली. टोरो जखमी होतो, त्याला वाचवू शकणारा सर्जन जपानी वंशाचा अमेरिकन आहे आणि तो सापडतो अमेरिकेनेच काटेरी कुंपणात डांबलेल्या जपानी कुटुंबांमध्ये. त्याची मुलगी ग्वेनी लू 'गोल्डन गर्ल' बनते. २०१४ च्या मालिकेत तिची नात 'रेडियन्स' येते. म्हणजे आधी ज्यांना राक्षस म्हणून काढलं, त्यांना हळूहळू बॅचमध्ये नाव मिळालं.

आपलं नाव मात्र अजून नाही. दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैनिक होते. इन्व्हेडर्स ज्या युरोपात लढतात, तिथेच इटलीत, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी एकटे मशीनगनच्या चौकीवर धावून गेले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावला त्यांचं स्मारक आहे. नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर केलेल्या पराक्रमासाठी तोच मान मिळाला. इतकी वर्षं मागाहून माणसं जोडत आलेल्या या मालिकेत एखादा मराठा शिपाई बसायला जागा नक्की आहे. कोणी चित्रकार असेल तर स्क्रिप्ट मी द्यायला तयार आहे!

२०१४ च्या 'ऑल-न्यू इन्व्हेडर्स'मध्ये (जेम्स रॉबिन्सन आणि स्टीव्ह प्यू, १५ अंक) टॉर्च इलिनॉयमधल्या एका छोट्या गावात गाड्या दुरुस्त करत साधेपणाने राहतोय. देवांना ताब्यात ठेवणारं एक यंत्र शोधत अंतराळातून क्री लोक येतात. युद्धात ते यंत्र याच टीमच्या हाती आलं होतं, पण त्यांच्या आठवणीच पुसल्या गेल्यात. कल्पना झकास, मारामाऱ्या जरा जास्त. याच रॉबिन्सनने १९९९ मध्ये डीसीची 'जेएसए' सुरू करायला हात लावला होता. 'जस्टिस सोसायटी' ही १९४० ची टीम, म्हणजे खरोखर युद्धकाळातली. तिथे उपाय वेगळा होता. म्हाताऱ्यांना म्हातारेच ठेवायचं आणि त्यांच्या हाताखाली नातवंडांच्या वयाची नवी पोरं द्यायची. घरगुती, उबदार. इन्व्हेडर्सना ते जमत नाही, कारण यांच्यात म्हातारं कोणी दिसतच नाही. बाहेरून सगळे तिशीतले आणि आतून शंभरीचे.

शेवटचा प्रयत्न २०१९ चा, चिप झडार्स्कीचा, १२ अंकांचा, आणि माझ्या मते सगळ्यांत चांगला. वर्तमानकाळ कार्लोस मॅग्नोने काढलाय आणि युद्धाचा काळ बुच गाईसने, त्यामुळे पान उलटताच आपण कुठे आहोत ते कळतं. यात टीम एकत्र येते ती आपल्यातल्याच एकाविरुद्ध. नेमॉर जमिनीवरच्या जगाशी युद्धाच्या तयारीत आहे. कॅप आणि बकी त्याला थांबवायला बघतात. टॉर्च मात्र वेगळ्याच कामाला लागलाय. तो नेमॉरचं चरित्र लिहायला बसलाय आणि त्यासाठी जुन्या माणसांना, युद्धातल्या म्हाताऱ्या सैनिकांना भेटून प्रश्न विचारत फिरतोय. पेटणारा यंत्रमानव हातात वही घेऊन मुलाखती घेतोय! आणि त्या मुलाखतींतून कळतं की नेमॉरला युद्धात मेलेला एक दोस्त, टॉमी मॅकन, अजून दिसतो. तो शेजारी उभा राहून त्याच्याशी बोलतो, सल्ले देतो. त्यात भर म्हणजे प्रोफेसर एक्सने पूर्वी बरं करायच्या नादात नेमॉरच्या डोक्यात ढवळाढवळ करून ठेवलेली असते.

नेमॉरला १९३९ पासून सगळे 'तापट' म्हणतात. कधी जगाच्या बाजूने, कधी जगाविरुद्ध. लेखक बदलला की नेमॉर बदलला, असंच सगळे धरून चालत. झडार्स्कीने त्या ऐंशी वर्षांच्या विसंगतीचं कारण युद्धात शोधलं. हा माणूस तिथून कधी परत आलाच नाही, आणि त्याच्या सोबत्यांनी, ज्यांना हे सगळ्यात आधी दिसायला हवं होतं, 'तो तसाच आहे' म्हणून सोडून दिलं. कॅपला हे कळतं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा आहे. बर्फात पडून त्याने काय चुकवलं याचा हिशेब तो नेहमी करतो, पण इतरांनी त्या काळात काय भोगलं हा हिशेब इथे समोर येतो.

वाचायचं असेल तर थेट २०१९ पासून सुरू करा, ती 'वॉर घोस्ट्स' आणि 'डेड इन द वॉटर' अशा दोन पुस्तकांत आहे. मग 'इन्व्हेडर्स नाऊ!'. थॉमसचे १९७५ चे अंक त्यानंतर, सुट्टीत, कारण संवाद भरपूर आणि रॉबिन्सची चित्रं पहिल्यांदा विचित्र वाटतात, तिसऱ्या-चौथ्या अंकापासून आवडायला लागतात. २००४ ची मालिका कोणी फुकट दिली तरच.